लई आराम

कशिशनं कंपनीत सांध्यांच्या सुजेवर पेप्टाइडचं नवं इंजेक्शन बनवलं. त्याची चाचणी जुन्नरात ठरली, तेव्हा तिच्या आईनं, सायराबानूनं, गल्लीबोळातून चाळीस बायका गोळा केल्या, स्वतःचंही नाव घातलं आणि एकेकीला दम भरला, "माझ्या पोरीचं औषध हाय. फरक नाय म्हणाल तर माझ्याशी गाठ!"

निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना नुसतं पाणी टोचायचे. कुणाला काय, हे नर्सलाही ठाऊक नव्हतं. दर आठवड्याला नर्स विचारायची, "दुखणं कसं हाय?" सुजलेली बोटं पदराखाली दाबून सायराबानू ठणकावून सांगायची, "लई आराम!" मागोमाग चाळीसही जणी तेच सांगायच्या.

वर्षभरानं कशिश घरी आली ती ताटाला हातही न लावता बसून राहिली.

"औषध बाद झालं, अम्मी."

"कोण म्हणतो मेला? आमी सगळ्यांनी आराम पडला म्हणून सांगितलं न्हवं?"

"तेच तर. पाणी टोचलेल्यांनाही औषधाइतकाच आराम पडला. मग औषध हवंय कशाला, कंपनीवाले म्हणाले." कशिशनं वर पाहिलं. "तुला पाणीच होतं, अम्मी. खरंच आराम पडला होता का गं?"

सायराबानूनं बोटं पदराखाली आणखी आत सारली.