तपासणीचं टेबल

“आईचे डोळे फार दुखतात, सर. तिचं काम कॅमेऱ्यानं केलं तर?” बारावीतल्या लावण्यानं हे विचारलं तेव्हा मला केवढा आनंद झाला होता! सोलापुरातल्या त्या कामगार वस्तीत मी दर रविवारी हुशार मुलांना फुकट प्रोग्रामिंग शिकवत असे. तिची आई अकरा वर्षं कारखान्यात टॉवेल तपासत होती. निसटलेला धागा, भोक, डाग.

लावण्याचा प्रोग्राम हे सगळं क्षणात पकडू लागला. मीच तिला कारखान्याच्या मालकांकडे घेऊन गेलो. त्यांनी तिला शाल दिली, लॅपटॉप दिला आणि प्रोग्राम ठेवून घेतला.

महिन्याभरानं तिची आई वर्गाच्या दारात आली. मला बाजूला घेऊन म्हणाली, “तपासणीच्या टेबलावरच्या सहाही बायकांना कामावरनं काढलं, सर. मलाबी. पण पोरीला सांगू नका. डोळ्यांसाठी मीच काम सोडलं, असं सांगितलंय तिला.”

मी आत आलो तशी लावण्या हसत उठली. “सर, मालकांचा फोन आला होता! आता शिलाई तपासायचाही प्रोग्राम हवाय त्यांना. करू ना?”

शिलाई तपासणाऱ्या बायकांपैकी चौघींच्या मुली माझ्यासमोरच बसल्या होत्या.

“नको,” मी म्हणालो.

“का, सर?”

दारात तिची आई अजून उभी होती. तिनं माझ्याकडे बघून हात जोडले.

“तुला अजून तेवढं येत नाही,” मी म्हणालो.

लावण्याचा चेहरा पडला. ती खाली बसली.