वरच्या खोलीतलं जळगाव

"यात माणसं कुठे आहेत?" सुकदेवने विचारलं.

तारादेवींनी हातातला कागद उजेडाकडे धरला. कापसाच्या जिनिंग गिरण्यांच्या चिमण्या, पाण्याची टाकी, मशिदीचा मिनार, पत्र्याची छपरं. उंचावरून पाहिलेलं अख्खं जळगाव काळ्या शाईत उमटलं होतं. एकाही खिडकीत उजेड नव्हता, एकाही गच्चीवर माणूस नव्हतं.

"विचारून येते," म्हणून त्या जिना चढून गेल्या.

केवलचंद शेठ गादीवर सुपारी कातरत बसले होते. "मुलगा गेला त्याला सहा वर्षं झाली, मास्तर. तेव्हापासून बहू वरच्या खोलीत आहे. एका शब्दाने तक्रार नाही. चार लोकांत सांगा तुम्ही. अशा सुना आता राहिल्या नाहीत."

तारादेवी खाली आल्या. "वरून माणसं दिसत नाहीत, म्हणते."

सुकदेव हायस्कुलात चित्रकला शिकवायचा. अडुसष्टच्या दिवाळीनंतर शेठजींनी त्याला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. विधवा सून प्रेमकुंवर कापसाच्या गाठींवर मारायचे जुने लाकडी ठसे घेऊन काहीबाही छापत बसते, जरा बघा, म्हणाले होते. प्रेमकुंवर परपुरुषासमोर येत नव्हती. चित्रं तिच्या सासूबाई तारादेवी खाली आणायच्या आणि मास्तरांचं बोलणं वर न्यायच्या.

पहिली चित्रं अगदीच कच्ची होती. सुकदेवने लाकूड कसं कोरायचं ते दाखवलं. पुठ्ठ्यावर तरटाचा तुकडा चिकटवून शाईचा रूळ फिरवला की पत्र्याची छपरं उमटतात. दोरा चिकटवला की खांबांवरच्या तारा. तारादेवी जवळ उभ्या राहून बघायच्या. मधेच म्हणायच्या, "पुन्हा दाखवा. नीट सांगायला हवं तिला."

सुकदेवला वाटायचं, म्हातारी पहारा देतेय. तो शिकवता शिकवता वरची चाहूल घ्यायचा. पाऊल वाजायचं नाही, बांगडीचा तर प्रश्नच नव्हता.

वर्षभरात चित्रं अशी बदलली की सुकदेव घरी नेऊन ती भिंतीला लावून बघत बसे. काजळी, सरकीचा कोंडा, फाटक्या लुगड्याचे धागे. जे हाताशी येईल ते तिने शहरात वापरलं होतं. चिमण्या सरळ उभ्या नसायच्या. त्या वाकून कुणाच्या तरी अंगावर आल्यासारख्या वाटायच्या. हे शहर ज्या बाईला असं दिसतं ती बाई फार दिवस जगणार नाही, असं त्याला वाटू लागलं.

त्याला कारण होतं. त्याची थोरली बहीण यशोदा एकोणिसाव्या वर्षी विधवा झाली आणि पिंपळनेरला सासरच्या मागच्या खोलीत राहिली. तो दर भाऊबीजेला जायचा. ती दाराआडून ओवाळायची आणि म्हणायची, बरं आहे माझं. एका वर्षी गेला तर दार उघडं होतं आणि खोलीत गवऱ्या भरल्या होत्या.

धुळ्याच्या प्रदर्शनात चित्रं घेतल्याचं कळलं तेव्हा सुकदेवने शेठजींना विचारलं, "एक दिवस त्यांना येऊ द्या. आपली चित्रं भिंतीवर लागलेली बघू द्या."

"चित्रं न्या," शेठजी म्हणाले. "बहू उंबरा ओलांडणार नाही."

कुणी तरी हाक मारली म्हणून ते ओसरीवर गेले. सुकदेव घाईने तारादेवींकडे वळला.

"अक्का, त्यांना माझ्याबरोबर पाठवा. धुळ्यात माझ्या ओळखीच्या एक बाई शिवणवर्ग चालवतात. त्या ठेवून घेतील. माझी नोकरी गेली तरी चालेल. पण इथे त्या मरतील."

तारादेवींनी एकदा ओसरीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "विचारते."

त्या दिवशी त्या खाली आल्याच नाहीत. पुढच्या खेपेला, चित्रं बांधून देताना, हळूच बोलल्या. "सोमवारी शेठजी बोदवडला जाणार आहेत. सकाळच्या गाडीला येईल ती. वाटेत तिच्याशी बोलू नका."

"आणि मागे तुमचं काय होईल?"

"माझं काय व्हायचं राहिलंय?"

सोमवारी एसटी सुटता सुटता ती आली. काळपट ओढणी, हनुवटीखालपर्यंत घुंगट, हातात छोटं गाठोडं. ती खिडकीपाशी बसली. सुकदेव मधे जागा सोडून बसला. गाडी शहराबाहेर पडेपर्यंत तो मागे वळून वळून बघत होता.

एरंडोल गेलं. न बोलण्याचं त्याने कबूल केलं होतं, पण राहवलं नाही.

"घाबरू नका," तो पुढच्या बाकाकडे बघत म्हणाला. "तुमच्या सासूबाईंना मी वर्षभर वाईट समजत होतो. आज त्यांनी केलं ते माझ्या बहिणीसाठी कुणी केलं नाही."

घुंगट किंचित हलला. ओढणीआड ती रडत असावी असं त्याला वाटलं.

पारोळ्याला कंडक्टर ओरडला, "गाडी आठे थांबस! बठ्ठा जण चहापानी करी ल्या!"

लोक उतरले. सुकदेवने पाण्याचा पेला आणून तिच्यापुढे धरला. तिने तो घेतला, गाडीत कुणी उरलं नाही हे पाहिलं आणि दुसऱ्या हाताने घुंगट मागे सारला.

तारादेवी होत्या.

"अक्का, तुम्ही? त्या कुठे आहेत? त्यांना मागे का ठेवलंत?"

तारादेवींनी सावकाश पाणी संपवलं.

"प्रेमकुंवर घरातून गेली, त्याला पाच वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "जिवंत आहे की नाही, शेठजींनी शोधलंसुद्धा नाही. सून पळाली म्हणून बोभाटा होईल, म्हणून ती वर आहे असंच सांगत राहिले. वर दिवा लागलेला दिसायला हवा, ताट जायला हवं. त्यासाठी मला त्या खोलीत बसवलं. मास्तर, पहिल्या दिवसापासून तुम्ही मलाच शिकवत होतात."