सातवा प्रश्न

सहाव्या प्रश्नाचं उत्तर झालं आणि सुमन सरळ आठव्यावर गेली.

रुक्मिणीबाईंच्या ते लक्षात आलं, पण आधी त्यांनी तोंडातला घास संपवला.

पिंपरीचा औषधांचा कारखाना सुरू होऊन तीन वर्षं होत आली होती. पॅकिंगच्या बायकांवर यंदा पहिल्यांदाच बाईमाणूस सुपरवायझर नेमायचं साहेबांनी ठरवलं होतं. त्यासाठी बुधवारी मुंबईहून एक गृहस्थ येऊन लेखी परीक्षा घेणार होते. जागा एक आणि नावं दोन, या दोघींची. सरावाला ऑफिसातून नमुन्याच्या प्रश्नांचा एक कागद मिळाला होता, तोही दोघींत एकच. म्हणून जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायका शेडच्या सावलीला बसत आणि या दोघी लिंबाखाली.

सुमन साताऱ्याकडची, मॅट्रिक झालेली. रुक्मिणीबाई पिंपरी गावातल्याच, चौथी पास. बाटलीला सरळ लेबल लावायला सुमनला त्यांनीच शिकवलं होतं. प्रश्न सुमन वाची, रुक्मिणीबाई ऐकत. अक्षरं लावायला त्यांना वेळ लागे, विचाराला लागत नसे. तिसऱ्या प्रश्नात पाच बायका पाच मिनिटांत पाच खोकी भरत होत्या. दहा बायकांना दहा खोक्यांना किती वेळ लागेल? सुमन दहा मिनिटं म्हणाली होती. बायका वाढल्या म्हणून एकीचा हात मंदावतो होय, असं रुक्मिणीबाईंनी विचारलं आणि सुमनने निमूट दहाचे पाच केले. त्या दिवसापासून ही जागा आपल्याला मिळू शकते, असं रुक्मिणीबाईंना वाटायला लागलं होतं. घरी मात्र कुणाला बोलल्या नव्हत्या.

"सातवा राहिला," त्या म्हणाल्या.

तो सोपा आहे, नंतर बघू, असं सुमन पुटपुटली. रुक्मिणीबाईंनी पदराला हात पुसले, कागद ओढून घेतला आणि शब्दाशब्दावर बोट ठेवत स्वतःच वाचायला लागल्या.

तुमच्या हाताखाली तुमच्याहून वयाने मोठी, कामात तरबेज पण लिहिण्यावाचण्यात कच्ची बाई आहे. बाकीच्या बायका तुमच्याऐवजी तिचंच ऐकतात. तुम्ही काय कराल?

खाली चार उत्तरं होती. दुसऱ्यापुढे पेन्सिलीची बारीक खूण होती: तिची दुसऱ्या खात्यात बदली करून घेईन.

सुमनने मान वर केली नाही. तुम्ही मनात नव्हता, ती म्हणाली, बरोबर उत्तर कुठलं असेल तेवढंच बघत होते.

रुक्मिणीबाईंना लागलं. पण त्या खुणेकडे बघता बघता त्यांना भलतंच काही सुचलं आणि हसू आलं.

"तू वर आन् मी खाली, हे कुणी ठरवलं? उलटं झालं तर?"

आता सुमनने मान वर केली. हे तिच्या खरंच डोक्यात आलं नव्हतं.

"मग तुम्ही करा माझी बदली."

"न्हाई. तुला माज्याच टेबलाला ठिवीन. कागद वाचायला मला मानूस नको व्हय?"

सुमन हसली नाही. तिने बोटाने घासून घासून खूण पुसली, चारही उत्तरं पुन्हा वाचली आणि एका उत्तरापुढे नवी खूण केली. कुठल्या, ते रुक्मिणीबाईंनी पाहिलं नाही. बुधवारी त्या आपलं उत्तर आपणच लिहिणार होत्या.

भोंग्याला अजून वेळ होता. सुमनने कागद पुढे घेतला, तशा रुक्मिणीबाई म्हणाल्या, की आठवा मीच वाचणार. परीक्षेत शेजारी कोण वाचून दाखवायला बसणार होतं?

दोन ओळी त्यांनी नीट वाचल्या. तिसरीत एका जोडाक्षराशी बोट अडलं.

सुमनच्या ओठांवर तो शब्द आला होता. तिने तो गिळला आणि वाट पाहत बसली.