अर्ध्या दाराची कडी

बालवर्गाच्या अर्ध्या दारावर आधी दोन हात आले, मग हनुवटी आली. भिंगरी. गेल्या वर्षी ही पोर एका जागी बसेल तर शपथ, म्हणून बाईंनीच ठेवलेलं नाव. आज मात्र ती पायात पाय अडकवून उभी होती.

"बाई, शू लागलीय. मी इथे जाऊ?"

वर्गाच्या कोपऱ्यात, पडद्यामागे, पोरांच्या मापाचं बाथरूम होतं. लागली की सांगायचं, लाजायचं नाही, दाबून धरायचं नाही. हा धडा बाईंनी वर्षभर घोकून घेतला होता आणि भिंगरीला तो चोख पाठ होता. फक्त ती आता पहिलीत होती.

"अगं, तुमच्या बाथरूममध्ये जा ना."

"तिथली कडी वर आहे. माझा हात नाही पोचत. मोठ्या मुली दार ढकलतात आणि हसतात."

"मग तुमच्या नव्या बाईंना सांग."

"सांगितलं. त्या म्हणाल्या, पहिलीत आलीस, आता असली नाटकं नकोत."

बाईंचा हात दाराच्या कडीकडे गेला. ही कडी आतल्या बाजूला. बालवर्गाच्या शेवटच्या दिवशी एकेक पोर पुढे येतं, ती आपल्या हातानं काढतं आणि बाहेर पडतं. बाकीची टाळ्या पिटतात. भिंगरीनं ती काढली तेव्हा मागे वळून विचारलं होतं, "मी परत येऊ ना?" आणि बाई म्हणाल्या होत्या, "ये की! दार काय पळून जातंय?" बोलायला काय लागतं!

तेवढ्यात मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, चार पालकांना शाळा दाखवत व्हरांड्यात वळल्या. पहिलीच्या मुलांना बालवर्गात पाऊल टाकू द्यायचं नाही, हा नियम त्यांचाच. मागचं दार बंद झालं की पोर पुढे रुळतं, असं त्यांनी शाळा उघडायच्या आधीच सगळ्यांना बजावलं होतं. बाईंनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. चार लोकांसमोर बोलणी खायची त्यांची तयारी नव्हती. एवढंच होतं, दुसरं काही नाही.

"मोठी झालीस ना तू आता?" बाई मुद्दाम मोठ्यानं, गोड आवाजात म्हणाल्या. "मोठ्या मुली आत येत नाहीत. पळ बरं! शहाणी ना माझी?"

शहाणी निघाली. व्हरांड्याच्या मध्यावर थांबली. मोज्यातून ओघळ बुटात गेला, बुटातून फरशीवर आला. पालक भिंतीवरची चित्रं बघायला लागले.

"पहिल्या आठवड्यात चालायचंच," मोठ्या बाई त्यांना म्हणाल्या. "रुळतात हो!"

मावशी फडकं घेऊन आल्या. पुसता पुसता पुटपुटल्या, "नियम तुमचे आणि फडकं माझं." बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

त्यानंतर भिंगरी दाराशी आली नाही. पुन्हा कधी व्हरांडा पुसावाही लागला नाही. नव्या बाई म्हणाल्या, गुणी आहे हो, वर्गातून एकदाही उठत नाही. बालवर्गाच्या बाईंना हायसं वाटलं. खोटं कशाला बोला, सुटल्यासारखंच वाटलं.

मग एके दिवशी शाळा सुटताना ती अर्ध्या दारावरून जाताना दिसली. गळ्यात पाण्याची बाटली. बाटली गळ्यापर्यंत भरलेली. ओठांना चिरा पडलेल्या.

"भिंगरे, थांब गं. बाटली भरलेलीच कशी? आत्ता भरलीस का?"

"नाही. आईनं सकाळी भरली."

"आणि दिवसभर घोटभरही प्यायली नाहीस? अगं, का?"

"प्यायलं की लागते."

पाढा म्हणावा तसं तिनं सांगितलं. ना रड, ना तक्रार. व्हरांड्याच्या टोकाला मोठ्या बाई उभ्या आहेत हे बाईंनी पाहिलं, आणि पाहूनही त्यांनी कडी काढली. दार सताड उघडलं.

"ये. आधी पाणी पी. सगळी बाटली संपव. मग इथेच जाऊन ये. आणि उद्यापासून रोज यायचं, कळलं? कोण काय म्हणतं ते मी बघते."

भिंगरीनं आत पाहिलं. कोपऱ्यातला पडदा, खुंटीवरचे छोटे रुमाल, तिची जुनी जागा. बराच वेळ पाहिलं. मग तिनं दार ओढून घेतलं, टाचा उचलल्या, वरून आत हात घातला आणि कडी नीट बसवली. बसली की नाही ते हलवून पाहिलं.

"मोठ्या मुली आत येत नाहीत, बाई," ती म्हणाली. बाईंची समजूत काढत असल्यासारखी.

मोठ्या बाई जवळ आल्या. त्यांनी भिंगरीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"बघितलंत? म्हटलं नव्हतं, रुळेल म्हणून? पालकसभेत आता हिचंच उदाहरण देते मी."

बाई दाराच्या आत उभ्या होत्या. कडीला हात लावायचं त्यांना धैर्य झालं नाही.

भिंगरी फाटकाशी जाऊन रांगेत उभी राहिली. पुढचं पोर ढकलत होतं, मागचं उड्या मारत होतं. ती हाताची घडी घालून उभी होती, जराही न हलता.