थाई चिकन राईस

एसटी निघताना पोटुशी दीपा खिडकीखालून ओरडली, "बाबा, यवतमाळहून चिकन राईस आणजा!" कोणता, ते इंजिनाच्या आवाजात उकंडाला धड ऐकूच आलं नाही; 'ताई' असं काहीतरी कानावर पडलं. पहिल्या हॉटेलात त्यानं 'ताई चिकन राईस' मागितला, तर मालक हसला.

"काका, ताई नाही, थाई असन. थे आपल्याकडं नाही भेटत."

दुसऱ्या हॉटेलानं थाळी दाखवली. तिसऱ्याच्या पाटीवरचे भाव पाहूनच तो आल्या पावली परतला. चौथ्यानं मान हलवली, तेव्हा मात्र त्याचं डोकंच फिरलं. त्यानं फोन लावला.

"कायचे डोहाळे हायेत वं तुये? सारं यवतमाळ पालथं घातलं, थे थाई कोठीच नाही!"

"थाई कायले, बाबा? मी ताईचा म्हणलं. प्रज्ञाताईच्या हातचा."

उकंडानं फोन ठेवला. थोरल्या प्रज्ञानं पळून जाऊन यवतमाळातच संसार थाटला, तेव्हापासून तीन वर्षं त्यानं घरात तिचं नाव घेऊ दिलं नव्हतं. तिच्याकडे जाणं तर लांबच.

शेवटी त्यानं ऑटोला हात केला.

"कुठं जाचं, काका?"

सकाळपासून ज्याला त्याला पत्ते विचारत फिरणाऱ्या उकंडानं चौकापासून निळ्या दारापर्यंतचा सगळा पत्ता एका दमात सांगितला.