चिंगीचं माहेर

"तुझ्या चिंगी घोडीला माहेर निघालं तर भर चौकात मी स्वतः तिची ओटी भरीन," आप्पा काकडे म्हणाले.

"नाही निघालं तर वर्षभर तुमच्या तबेल्यातली लीद मी काढीन," शेजारची हौसाक्का म्हणाली. वरातीला घोडी देणारी ही बाई हसत होती, पण चिंगीचा लगाम तिनं घट्ट धरला होता. केसावरून घोडीच्या आई-आज्या उजेडात उभ्या करणारं यंत्र निघालं होतं; ज्या घोडीच्या आया त्यात उठत नाहीत, तिला शिंगरू होऊ द्यायचं नाही, असा कायदाच आला होता. चिंगीचा तर शिंगरू होण्याचा हा शेवटचा हंगाम.

गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी चिंगीच्या आयाळीचा केस यंत्रात घातला. चौकात उजेडाची घोडी उभी राहिली, चिंगीची आई. मागे आजी, मग पणजी. रांग वेशीबाहेर गेली, पार रानघोड्यांपर्यंत.

"आता आप्पांच्या राणी घोडीचाही केस घाला की," हौसाक्का गोड आवाजात म्हणाली.

राणीच्याही आया उठल्या आणि पाचव्या आजीपाशी दोन्ही रांगा एक झाल्या. मादी शिंगरू ठेवून घेऊन, लंगडी झाली म्हणून आप्पांच्या आजोबांनी हाकललेली आणि हौसाक्काच्या आजोबांनी घरी आणलेली घोडी ती हीच. हौसाक्काला ते लहानपणापासून ठाऊक होतं. यंत्राला ठाऊक आहे का, एवढीच धाकधूक होती.

"आप्पा, माहेर तुमच्याच दारात निघालं."

आप्पांनी उपरण्याचा पदर डोक्यावर घेतला आणि साऱ्या गावासमोर खण, नारळ, गहू चिंगीपुढं धरले. "ये गं माहेरवाशिणी," ते पुटपुटले.

"मोठ्यानं," हौसाक्का म्हणाली.

आप्पा मोठ्यानं म्हणाले. चिंगीनं ओटीतले गहू तिथंच फस्त केले, मग खण चघळायला घेतला.