लाल बटण

मास्तरांनी फोनवरचं लाल बटण दाबलं आणि मागे उभ्या असलेल्या लेकीने ते पाहिलं. लाल म्हणजे ‘विसरलो’.

प्रश्न अगदी साधा होता. टाकी भरली की कुठला नळ बंद करायचा? लगेच फोनमधून आईचा आवाज आला. “अहो, डावीकडचा! उजव्याला हात लावलात तर खालच्यांना कपड्यांसकट आंघोळ घालाल.” मास्तरांनी मान डोलावली आणि पुन्हा शिलाई मशीनवर वाकले.

ही सगळी आईची करणी. आपल्या हातात फार दिवस नाहीत हे कळल्यावर तिने लेकीकडून हे प्रश्न विचारून उजळणी करून घेणारं ॲप शिकून घेतलं आणि अख्खं घर त्यात बोलून ठेवलं. गॅस, गोळ्या, गाद्या कधी उन्हात टाकायच्या, सगळं. नवऱ्याला सुईदोऱ्यापलीकडे काही कळत नाही, ही तिची लाडकी तक्रार. ॲपचं गणित सरळ होतं. हिरवं बटण दाबून ‘आठवलं’ म्हटलं की तो प्रश्न लांबणीवर पडायचा, आधी आठवडाभर, मग महिनाभर, मग आणखी पुढे. लाल दाबलं की आईच्या आवाजात उत्तर ऐकू यायचं आणि दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा हजर.

आई गेल्यावर सुरुवातीला सगळं हिरवं होत गेलं. लेक दुसऱ्या गावाहून आपल्या फोनवर त्यांची उत्तरं पाहायची आणि निश्चिंत व्हायची. पण अलीकडे रोज लालच लाल. गॅससुद्धा. शेवटी तिला राहवेना. ती रिकामी बॅग घेऊनच आली.

“बाबा, आता एकट्याने राहणं पुरे. माझ्याकडे चला.”

“का? मला काय धाड भरलीय?”

तिने रिकामी बॅग उघडली. तेवढ्यात पोस्टमन दारात आला, हातात उंची कमी करायची नवी पँट घेऊन. “मास्तर, माप घेता ना?”

“तुझं कसलं माप? डावा पाय उजव्याहून जरा लांब. आणि लग्न झाल्यापासून कमरेची गोष्टच सोड.” पोस्टमन पँट ठेवून हसत गेला. मास्तर उठले. दूध वर येण्याआधी त्यांनी गॅस बंद केला, गोळी घेतली, जाता जाता टाकीचा नळ फिरवला. डावीकडचा.

लेक बघतच राहिली.

“बाबा, तुम्हाला सगळं आठवतंय!”

“मग? न आठवायला काय झालं?”

“मग रोज लाल का दाबता? इथे माझा जीव टांगणीला लागलाय!” तिचे डोळे भरून आले.

मास्तर ओशाळले. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने उगाचच पुसत राहिले.

“आधी शहाण्यासारखं खरं सांगत गेलो गं. हिरवं, हिरवं, हिरवं. आणि एक दिवस घर गप्पच झालं. मग कितीतरी दिवसांनी एकच प्रश्न आला, तेव्हा मुद्दाम चुकलो.” त्यांनी फोन हलकेच जवळ ओढला. “आठवलं म्हटलं की ती महिनोन्‌महिने फिरकत नाही. विसरलो म्हटलं की उद्या सकाळी रागवायला येते.”